कोरडं लाकूड

"तुझो राखणदार माका वळखणा नाय गो," असं सत्यवतीने जेवता जेवता सांगितलं, तेव्हा शर्वाणीला वाटलं, आई चेष्टा करतेय.

हा राखणदार म्हणजे माडवण गावाच्या वेशीवरचा देव नव्हे. तो आपल्या जागी व्यवस्थित होता, रात्री गावाभोवती फेरी मारत होता आणि लोकांनी वाहिलेल्या वहाणा नेहमीप्रमाणे झिजवत होता. हा दुसरा राखणदार म्हणजे माजघरात मीटरच्या खाली भिंतीवर बसवलेली पांढरी पेटी. ती पुण्यातल्या एका कंपनीने बनवली होती आणि शर्वाणी धुरी त्या कंपनीत सुरक्षा विभागाची प्रमुख होती. नावही तिनेच सुचवलेलं. घराला विजेपासून राखतो तो राखणदार, एवढा साधा विचार. कंपनीतल्या सगळ्यांना ते नाव फार आवडलं. पुण्यातल्या लोकांना कोकणातलं काहीही आवडतं, आंब्यापासून देवापर्यंत.

"वळखणा नाय म्हणजे काय, आये?"

"तो खोबऱ्याचो मशीन. हात लावलंय काय मुंगये येतत. आणि हो आपलो गप्प."

शर्वाणीने हातातला घास ताटात ठेवला. स्वयंपाकघरात ओट्यावर नारळ खवायचं जुनं मशीन होतं. अंग स्टीलचं, वायर चिकटपट्टीने गुंडाळलेली, आणि प्लगची तिसरी पिन मोडून टाकलेली, कारण भिंतीतला सॉकेट दोन भोकांचा होता. पिन मोडणारा कोण म्हणून विचारायची सोय नव्हती. गावातल्या निम्म्या घरांत ती तशीच मोडलेली असते. तिने चपला काढल्या आणि मशीनला बोट टेकवलं. काही जाणवायच्या आतच टक्‌ असा आवाज झाला, पंखा थांबला, फ्रिज बंद पडला. पेटीच्या छोट्या पडद्यावर अक्षरं आली: माणूस. पुरवठा बंद.

"बघ, चलता तर खरो," ती म्हणाली.

"तुका वळखता. माका नाय."

आईला त्या मशीनला हात लावू देण्याइतकी शर्वाणी वेडी नव्हती. तिने बॅगेतून तपासणीचा संच काढला. तांब्याची मूठ, एक वायर, आणि पेटीतलंच तेच डोकं. फक्त त्यात विजेचा दाब खेळण्यातल्या बॅटरीइतका. तिने स्वतः मूठ धरली. पडदा म्हणाला, माणूस. मग आईच्या हातात दिली.

पडदा जरा थांबला आणि म्हणाला, कोरडं लाकूड.

तिने आईचा डावा हात घेतला. कोरडं लाकूड. मूठ पुसून परत दिली. कोरडं लाकूड. सत्यवती मान वाकडी करून वाचत होती. चौथीपर्यंत शिकलेली असली तरी मोठी अक्षरं ती झरझर वाचायची.

"लाकूड म्हणता मां?" ती म्हणाली आणि इतकी हसली की तिला ठसका लागला. मग दारात जाऊन कुंपणापलीकडच्या शेवंतीला तिने ओरडून सांगितलं, "आयकलंस काय गो शेवंती? मी लाकूड झालंय!"

शर्वाणीला मात्र हसू आलं नाही.

पूर्वी घरोघरी गळती पकडणारा साधा स्विच असायचा. आत गेलेला करंट आणि परत आलेला करंट यात फरक पडला, की कुठूनतरी वीज जमिनीत चाललीय एवढंच त्याला कळे आणि तो पडे. कोकणात हा स्विच म्हणजे डोक्याला ताप होता. भिंतीला ओल आली की पडला, लाकडी बोर्डाला पाणी लागलं की पडला. मासळीवाल्यांचा बर्फ वितळायचा, दवाखान्यातल्या लसी फुकट जायच्या. राखणदाराने हा प्रश्न अगदी शाळेतल्या गणिताने सोडवला. व्होल्टेजला करंटने भागलं की रोध मिळतो. दोघांचा गुणाकार केला की शक्ती मिळते. हे मुलं नववी-दहावीत घोकतात आणि विसरतात. राखणदार हेच गणित सेकंदाला हजारो वेळा करायचा आणि त्या रोधावरून, त्याच्या चढउतारावरून, वीज नेमकी कशातून चाललीय ते ओळखायचा. ओली भिंत, लाकूड, की माणूस. माणूस असेल तर तत्क्षणी बंद. बाकी काही असेल तर चालू.

माणसाचा रोध घामेजल्या हाताला साधारण हजार ओहम धरतात. घरातल्या दोनशे तीस व्होल्टला हजाराने भागलं तर जवळजवळ पाव अँपिअर. त्याच्या दशांशानेही काळीज थांबू शकतं. शक्ती काढली तर पन्नासेक वॅट, म्हणजे छताचा पंखा फिरवेल एवढी वीज एका छातीतून. पण हात जाड आणि कोरडा असेल तर रोध पन्नास हजारांवर जातो. मग वीज उरते देवघरातल्या मिणमिणत्या दिव्यापुरती. मुंग्या येतात, एवढंच. धोका असतो तो पुढे. हात तसाच धरून राहिला तर कातडी भाजते, फुटते, रोध कोसळतो. आणि राखणदाराने एकदा एखाद्या वस्तूला लाकूड ठरवलं, की तो काही वेळ आपलं मत बदलत नसे. सारखं मत बदललं तर दिवे लुकलुकतात, अशा तक्रारी आल्या होत्या.

दुसरीही एक तक्रार होती. वीज जाऊन परत आली की राखणदाराला जागं व्हायला थोडा वेळ लागे आणि तोवर घर अंधारात. लोक वैतागले. मग कंपनीने ठरवलं, लाईट आली की ती घरात आलीच पाहिजे. राखणदार मागाहून जागा होईल. तेवढ्या वेळात माणसाला राखायला त्याची कातडी आहेच, असं कोणीतरी बैठकीत म्हणालं होतं आणि सगळे हसले होते.

सत्यवतीने उभं आयुष्य काजूच्या कारखान्यात काढलं होतं आणि अजूनही ती कामावर जात होती. टरफलातलं तेल कातडी जाळतं, म्हणून बायका हाताला राख चोळून बसतात. तरी ते आत जातंच. कातडी जळते, नवी येते, तीही जळते, आणि शेवटी तळहातावर काळपट, टणक असा एक थर चढतो. शर्वाणी लहानपणी तापाने फणफणली की हाच हात कपाळावर यायचा, किसणीसारखा खरखरीत. डोळे मिटलेले असतानाही तिला कळायचं, आई आली. त्या हाताने तिला वाढवलं, शिकवलं, पुण्याला पाठवलं. आणि शर्वाणीने जन्माला घातलेल्या यंत्राने त्या हाताला लाकूड म्हटलं.

पण हे व्हायला नको होतं. कंपनीने पुण्यातल्या महाविद्यालयांत, कचेऱ्यांत हजारो हात मोजले होते, आणि शर्वाणीनेच हट्ट धरून माडवणच्या काजू कारखान्यात टेबल मांडायला लावलं होतं. पन्नासच्या वर बायकांनी मूठ धरली होती आणि सगळ्या माणूस ठरल्या होत्या.

"आये, त्या दिवशी मोजणीक इललंस तेव्हा तू हाताक काय केल्लंस?"

"काय करतलंय? धुतलंय."

"नुसते धुतलंस?"

"साबण लावन, काथ्यान घासान. पाय पण. सगळ्यांनीच." सत्यवतीला या प्रश्नाचंच नवल वाटलं. "राखणदार येतलो म्हणान सांगल्लास मां तुमी? त्येका काय राखेच्या हातान शिवतलंव?"

कोणी खोटं बोललं नव्हतं. कोणी काही लपवलं नव्हतं. देवाच्या नावाची वस्तू येणार म्हणून बायकांनी नळावर रांग लावून हात भिजवले, घासले, पदराला पुसले आणि ओल्या मऊ हातांनी मूठ धरली. यंत्राने ते हात पाठ करून ठेवले. एरवीचे त्यांचे हात त्याने कधी पाहिलेच नव्हते.

तिने लगेच निनादला फोन लावला. निनाद सबनीस म्हणजे कंपनीचा मालक, हुशार आणि तोंडाचा गोड.

"मर्यादा वर न्यावी लागेल," ती म्हणाली. "पन्नास-साठ हजार ओहमपर्यंत जे काही असेल ते माणूस धरायचं."

"आणि ओली भिंत किती ओहमची असते?"

कोकणातली ओल आणि कोकणातल्या बायकांचे हात एकाच पट्ट्यात येत होते.

"शर्वाणी, तूच सांगायचीस ना, जुना स्विच सारखा पडायचा तेव्हा लोक काय करायचे?"

"वायरमनला बोलावून, स्विच काढून टाकून वीज डायरेक्ट करून घ्यायचे."

"मग? आपला राखणदार दिवसातून दहा वेळा पडला तर लोक त्यालाही डायरेक्ट करतील. मग लाकूडही वाचणार नाही आणि माणूसही. जो राखणदार लोकांना सोसवतो, तोच घरात टिकतो. हातांची नवी मोजणी करू, मी कुठे नाही म्हणतो? पुढच्या वर्षी."

त्याच्या बोलण्यात खोट काढता येत नव्हती, याचाच तिला संताप आला. तिने खवायचं मशीन माळ्यावर टाकलं, पुण्याला पोचताच नवीन तीन पिनांचं मशीन आणि तीन भोकांचा सॉकेट पाठवून दिला, आणि वायरमनला फोन करून सॉकेट बसवूनही घेतला. आपल्या आईपुरतं तरी तिने निस्तरलं, असं तिला वाटलं.

पण सत्यवतीचा विनोद तोवर कारखान्यात पोचला होता. मालक तिरोडकर घाबरला. उद्या कोणी यंत्राला चिकटून मेलं तर राखणदार म्हणेल लाकूड होतं, आणि पोलीस येतील ते आपल्या दारी. त्याने कंपनीकडून राखणदाराला जोडलेली तांब्याची एक पाटी मागवली आणि फाटकावर लावली. सकाळी येताना प्रत्येकीने पाटीवर तळहात ठेवायचा. माणूस आलं तर आत, लाकूड आलं तर घरी. पहिल्याच दिवशी निम्म्या बायका परत फिरल्या, आणि त्याही अशा, की ज्यांचे हात सगळ्यांत जुने होते.

उपाय शोधला तिथेच कामाला असलेल्या शेवंतीने. ती फाटकाबाहेरच्या नळावर गेली, हात चोळून चोळून भिजवले आणि तसेच ओले येऊन पाटीवर ठेवले. माणूस. दुसऱ्या दिवशी फाटकाशी पाण्याची बादली आली.

निनादला हे कळलं तेव्हा तो खूश झाला. "तुमच्या गावच्या बायका आपल्या सगळ्या इंजिनिअरांपेक्षा हुशार निघाल्या," तो म्हणाला. आठवड्याभरात परिपत्रक तयार झालं: जाड कातडीच्या कामगारांनी विद्युत यंत्रास स्पर्श करण्यापूर्वी हात ओले करावेत. ते सगळ्या जिल्ह्यांत जायचं होतं. खाली सुरक्षाप्रमुखाची सही हवी होती.

"या देशातल्या प्रत्येक पोराला आई काय शिकवते माहितीय?" शर्वाणी म्हणाली. "ओल्या हाताने बटणाला हात लावू नकोस. आणि मी सही करून सांगू, लावा?"

"राखणदार जागा असताना ओला हातच सुरक्षित आहे. गणित करून बघ."

तिने गणित केलं. ओल्या हाताचा रोध कमी, म्हणून ओळख पक्की, म्हणून पुरवठा तत्क्षणी बंद. गणितात चूक नव्हती. तरी तिने सही केली नाही. तीन-चार दिवस कागद तसाच पडून राहिला. मग आईचा फोन आला.

"सही करूक नाय म्हणे तू?"

"आये, ह्या बरोबर नाय."

"तिरोडकर म्हणता, कंपनीचो कागद येयपर्यंत बादली पण चलाची नाय. आमका दारातसून परत पाठवता. शेवंतीचो घोव आजारी, खाटेर पडान आसा, तिना काय करूचा? घराक बसान आमी काय खातलंव?"

"तुका काम करूची गरज काय? मी पैसे धाडतंय मां!"

मग सत्यवती म्हणाली, "माका गरज नाय. पण मीच मस्करी केलंय आणि सगळ्यांच्या पोटार पाय इलो. आता मी एकटी घराक बसान खातलंय? कर गो बाय सही."

शर्वाणीने सही केली. करताना तिला मनातून वाईट वाटत होतं, आणि ती स्वतःला समजावत होती की निदान आता तो त्यांना ओळखेल.

चतुर्थीच्या सुट्टीला ती माडवणला आली. दुपारी जेवून माजघरात चटईवर आडवी झाली, प्रवासाने डोळा लागला. मध्येच लाईट गेली, पंखा थांबला, उकाड्याने ती अर्धवट जागी झाली. तेवढ्यात कपाळावर कोणाचातरी हात आला. गार, ओलसर, मऊ. ती दचकून उठून बसली.

"कोण?"

"कोण म्हणान काय इचारतं? मी मां!"

शेजारी आई बसली होती. शर्वाणीने तिचा हात ओढून उजेडाकडे धरला. काळपट थर गेला होता. तळहात गुलाबी, पातळ, चकचकीत झाला होता, आणि बोटांच्या पेरांवर टरफलाच्या तेलाने भाजल्याचे लाल चट्टे होते. रेषासुद्धा पुसट झाल्या होत्या.

"ह्या काय केलंस?"

"नुसत्या पाण्यान भागणा नाय गो. पाटी कधी हो म्हणता, कधी नाय. मगे आमी वजरेन घासतंव. रोज रातचा, सगळ्याच." टाचा घासायचा तो खरखरीत दगड तिने हवेत फिरवून दाखवला. तिच्या चेहऱ्यावर अभिमान होता. "आता पयल्या खेपेक माणूस म्हणता! तुझो राखणदार वळखता, आणि तू वळखूक नाय?"

शर्वाणीला रडू आलं. आईला ते दिसू नये म्हणून तिने मान फिरवली. तेल लागल्यावर या कातडीचं काय होत असेल ते तिच्या डोळ्यांसमोर येत होतं. सत्यवतीला वाटलं, पोर दमलीय. "शिरवाळे करतंय तुका," ती म्हणाली. "त्या शेवयांक नारळाचो रस काढूक व्हयो." ती उठून स्वयंपाकघरात गेली. बादलीत हात बुडवल्याचा आवाज आला. आता तिला ती सवयच लागली होती.

लाईट आली. पंखा हळूहळू फिरू लागला.

शर्वाणी बसल्या बसल्या आईच्या त्या नव्या हाताचा हिशेब करत होती. या हाताचा रोध आता किती असेल? हजार? आठशे? पूर्वी पेटीने चूक केली तरी मध्ये कातडी होती. ती कातडी आपण सही करून काढून घेतली. आता आईच्या आणि विजेच्या मध्ये ती पेटी तेवढी उरली. तिने सहज वर पाहिलं. पेटीच्या पडद्यावर एक बारीक ठिपका गोल फिरत होता आणि खाली अक्षरं होती: जागा होत आहे.

पण मशीन तर नवीन आहे, तिने स्वतःला सांगितलं. तीन पिनांचं आहे.

मग तिची नजर कपाटावर गेली. तिथे तिने पाठवलेलं खोकं होतं, जसंच्या तसं, चिकटपट्टीसुद्धा न काढलेलं. नवी वस्तू पाहुण्यांसाठी. आईने आयुष्यात कुठली नवी वस्तू स्वतःसाठी काढली होती?

"आये, थांब!"

आतून, माळ्यावरून परत काढलेल्या जुन्या मशीनची घरघर सुरू झाली. शर्वाणी धावली. माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच उंबरा होता. तो ओलांडायच्या आत परात पडल्याचा आवाज झाला, मग दुसरं काहीतरी जड पडलं, आणि मगच ते ओळखीचं टक्‌ ऐकू आलं. पंखा थांबला. घरघर थांबली.

सत्यवती ओल्या जमिनीवर कुशीवर पडली होती, आणि तिच्याबरोबर ओढलं गेलेलं मशीन अजून तिच्या हाताला चिकटून होतं. अर्धा खवलेला नारळ तिच्या पायाशी डुगडुगत होता. शर्वाणीने तिला उताणं केलं, छातीवर दोन्ही हात ठेवून दाबत राहिली, शेवंतीच्या नावाने हाका मारत राहिली. शेवंती धावत आली आणि दारातच थबकली. तिचेही हात ओले होते. बराच वेळ शर्वाणी दाबत होती. मग तिने आईचा हात हातात घेतला. तो मऊ होता. जुना हात असता तर मुंग्या आल्या असत्या आणि आई हसली असती.

माजघरातल्या भिंतीवर पेटी आता पूर्ण जागी झाली होती. पडद्यावर अक्षरं स्पष्ट होती: माणूस. पुरवठा बंद.